ॲल्फा उणा टाकला की कपॅसिटन्स उणा येणारच : वाचकांचे प्रश्न

फेरोइलेक्ट्रिक (बाहेरचं फील्ड काढलं तरी ज्यांच्यात पोलरायझेशन, म्हणजे धन-ऋण चार्जचं एका दिशेला सरकणं, उरतं अशी मटेरिअल) आणि निगेटिव्ह, म्हणजे उणा, कपॅसिटन्स यांवर आलेले प्रश्न यावेळी एकत्र घेतोय, कारण बहुतेक सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, की सिम्युलेशनमध्ये जे दिसतंय ते मटेरिअलमधून आलंय की आपणच सुरुवातीला आत घातलं होतं. शीर्षकातला ॲल्फा म्हणजे फेरोइलेक्ट्रिकच्या ऊर्जेच्या सूत्रातला पहिला सहगुणक. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत.

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कपॅसिटन्स उणा कसा असू शकतो हेच डोक्यात शिरत नाहीये. सेमिनारमध्ये सांगितलं की ट्रान्झिस्टरच्या गेटमध्ये असा थर घातला की आतला व्होल्टेज बाहेरून दिलेल्यापेक्षा जास्त होतो. मग ही ऊर्जा फुकट मिळते का?

फुकट काहीच मिळत नाही, ते आधी सांगून टाकतो.

कपॅसिटन्स म्हणजे चार्ज आणि व्होल्टेजच्या ग्राफचा उतार, एवढंच धरून चल. साध्या डायलेक्ट्रिकमध्ये चार्ज वाढला की व्होल्टेज वाढतो म्हणून उतार धन. फेरोइलेक्ट्रिकमध्ये मात्र आडव्या अक्षावर पोलरायझेशन आणि उभ्या अक्षावर ऊर्जा घेतली तर दोन खड्डे आणि मधे एक उंचवटा असा आकार येतो, आणि मटेरिअल एकतर या खड्ड्यात नाहीतर त्या खड्ड्यात जाऊन बसतं. उंचवट्याच्या माथ्याजवळ ग्राफची वक्रता उलटी असते आणि कपॅसिटन्स या वक्रतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तिथे तो उणा. पण माथ्यावर ठेवलेला गोटा तिथे राहत नाही, घरंगळतोच, त्यामुळे एकट्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये ही अवस्था टिकत नाही. त्याच्याशी सिरीजमध्ये एक साधा कपॅसिटर जोडला की त्याची ऊर्जा वाटीच्या आकाराची असते, दोन्हींची बेरीज केली आणि ती बेरीज मधल्या जागी वाटीसारखी झाली तर गोटा तिथे थांबू शकतो. सगळी कल्पना एवढीच आहे.

ऊर्जेचं म्हणशील तर फेरोइलेक्ट्रिक माथ्यावर असताना त्याच्यात ऊर्जा आधीच साठलेली असते, ते उतरताना ती शेजारच्या थराला मिळते, आणि हिशोब केला तर बॅटरीने दिलं त्याच्या वर एक कणही निघत नाही. वाढतो तो आतल्या नोडचा व्होल्टेज.

कपॅसिटन्स उणा असू शकतो का हा प्रश्न रॉल्फ लँडॉवर यांनी १९७६ मध्येच विचारला होता, पण ट्रान्झिस्टरवाल्यांचं लक्ष तिकडे गेलं ते २००८ मध्ये, सईफ सलाहुद्दीन आणि सुप्रियो दत्ता यांच्या पेपरनंतर. कारण साधं होतं : रूम टेंपरेचरला करंट दहापट वाढवायचा तर गेटवर कमीत कमी ६० मिलिव्होल्ट लागतात, ही मर्यादा इलेक्ट्रॉनच्या उष्णतेच्या वाटपातून येते आणि साध्या गेटने ती मोडता येत नाही. गेटचा कपॅसिटन्स उणा करता आला तर कागदावर मोडते. कागदावर हा शब्द मुद्दाम वापरलाय, पुढच्या उत्तरात कळेल.

प्रश्न : एम.टेक. प्रोजेक्टसाठी हाफ्नियम झिर्कोनियम ऑक्साइड या फेरोइलेक्ट्रिकचा ५ नॅनोमीटर थर आणि त्याखाली १ नॅनोमीटर सिलिकॉन डायऑक्साइड असं मॉडेल केलंय. रेम्नंट (फील्ड काढल्यावर उरणारं) पोलरायझेशन २० मायक्रोकुलोंब प्रति चौरस सेंटिमीटर, कोअर्सिव्ह (पोलरायझेशन उलटवायला लागणारं) फील्ड १ मेगाव्होल्ट प्रति सेंटिमीटर धरलं. माझा आणि मैत्रिणीचा ॲल्फा बरोबर दुपटीने वेगळा येतोय, दोघींचा कोड तपासला, चूक सापडत नाही. आणि स्लोप (करंट दहापट वाढवायला लागणारे मिलिव्होल्ट) काही केल्या ६० च्या खाली जात नाही. काय चुकतंय?

पहिल्या भागात बहुधा काहीच चुकत नाहीये, तुम्ही दोघींनी ऊर्जेचं सूत्र, म्हणजे लँडाऊचं सूत्र, वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलंय. काही पुस्तकांत पहिली टर्म नुसती ॲल्फा गुणिले पोलरायझेशनचा वर्ग अशी असते, काहींत ती अर्ध्याने गुणलेली असते. पहिल्या पद्धतीत ॲल्फा = उणे तीन रूट तीन भागिले चार, गुणिले कोअर्सिव्ह फील्ड भागिले रेम्नंट पोलरायझेशन. दुसऱ्या पद्धतीत चारच्या जागी दोन येतात. आपापल्या पद्धतीत शेवटपर्यंत राहिलं तर दोघींचं उत्तर एकच येईल. गडबड होते ती एका पेपरमधून ॲल्फा आणि दुसऱ्यातून कपॅसिटन्सचं सूत्र उचललं की, आणि छापून आलेल्या आकड्यांशी तुलना करताना हे फार होतं, म्हणून आधी सूत्र बघा मगच आकडा घ्या.

आता तुमचेच आकडे पहिल्या पद्धतीने घेऊ. ॲल्फा येतो साधारण उणे ६.५ गुणिले १० चा आठवा घात, मीटर प्रति फॅरड. ५ नॅनोमीटर थराचा कपॅसिटन्स म्हणजे १ भागिले (२ गुणिले ॲल्फा गुणिले जाडी), येतो उणे १५.४ मायक्रोफॅरड प्रति चौरस सेंटिमीटर. खालच्या १ नॅनोमीटर ऑक्साइडचा धन ३.४५. म्हणजे फेरोइलेक्ट्रिकचा आकडा खूप मोठा आहे, आणि या खेळात त्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा त्याचा प्रभाव कमी, वाढ खरी होते ती दोन्ही आकडे जवळ आले की.

आणि सबथ्रेशोल्डमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर अजून चालू व्हायचा असताना, फेरोइलेक्ट्रिकला खाली नुसता ऑक्साइड दिसत नाही, ऑक्साइड आणि सिलिकॉनचा डिप्लीशन थर (ज्यातून करंट वाहणारे कण निघून गेलेले असतात) सिरीजमध्ये दिसतो. डिप्लीशन ३० नॅनोमीटर धरा, त्याचा कपॅसिटन्स जेमतेम ०.३५, सिरीजमध्ये मिळून ०.३१. व्होल्टेजची वाढ = १५.४ भागिले (१५.४ वजा ०.३१), म्हणजे १.०२. दोन टक्के! साध्या ऑक्साइडने तुमचा स्लोप ६६ मिलिव्होल्टच्या आसपास असता, फेरोइलेक्ट्रिक घालून तो ६५ च्या जवळ आलाय. कोड बरोबर आहे, अपेक्षा चुकीची आहे.

मग म्हणाल जाडी वाढवू. वाढवा आणि बघा काय होतं ते, कारण या विषयातली सगळ्यात महत्त्वाची अडचण तुम्हाला तिथेच भेटेल. स्लोप ६० च्या खाली न्यायचा तर फेरोइलेक्ट्रिक आणि ऑक्साइड मिळून जो कपॅसिटन्स होतो तो उणा व्हायला हवा, तुमच्या आकड्यांत त्यासाठी जाडी २२ नॅनोमीटरच्या पुढे जावी लागते. ट्रान्झिस्टर बंद असताना ते चालून जातं कारण डिप्लीशनचा छोटा कपॅसिटन्स सगळं सांभाळून घेतो. पण ट्रान्झिस्टर चालू झाला, इन्व्हर्जन आलं (सिलिकॉनच्या पृष्ठभागावर करंट वाहणाऱ्या कणांचा थर जमला), की सिलिकॉनचा कपॅसिटन्स एकदम वाढतो आणि खालचं सगळं मिळून ३.४५ च्या जवळ जातं, बेरीज उणी होते, अवस्था अस्थिर होते, आणि करंटच्या ग्राफमध्ये हिस्टेरेसिस उघडतं, म्हणजे जातानाचा आणि परततानाचा ग्राफ वेगळा पडून लूप होतो. म्हणजे जिथे स्लोप सुधारतो तीच जाडी पुढे जाऊन लूप देते. दोन्हीच्या मधे जी फट उरते ती फार अरुंद आहे. हिस्टेरेसिसशिवाय खूप खाली गेलेला स्लोप कोणी दाखवला तर मी पहिल्यांदा त्यांनी सिलिकॉनचा कपॅसिटन्स स्थिर धरलाय का ते बघतो.

अजून एक, आणि हे प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये नक्की लिहा. तुम्ही कोअर्सिव्ह फील्ड मोजलेल्या लूपवरून घेतलंय. खऱ्या फिल्ममध्ये सगळं पोलरायझेशन एकदम उलटत नाही, कुठेतरी छोटा उलटा डोमेन (एकाच दिशेचं पोलरायझेशन असलेला भाग) जन्मतो आणि त्याची भिंत पुढे सरकते, त्यामुळे मोजलेलं फील्ड हे लँडाऊच्या सूत्रातल्या आतल्या फील्डपेक्षा बरंच कमी असतं. म्हणजे डोमेनमुळे आलेला आकडा तुम्ही अशा सूत्रात घालताय ज्यात डोमेनच नाहीत. सगळेच असं करतात, सुरुवातीला चालतंही, पण तो ॲल्फा मटेरिअलचा गुणधर्म म्हणून पुढे कोणाला देऊ नका.

प्रश्न : पीएच.डी. चं दुसरं वर्ष. सर्किट सिम्युलेटरमध्ये लँडाऊ-खलात्निकोव्ह मॉडेल (लँडाऊच्या ऊर्जेवरून पोलरायझेशन वेळेनुसार कसं बदलतं ते सांगणारं) लिहिलंय. कधी कन्व्हर्ज होत नाही, कधी इतका सुंदर एस आकाराचा ग्राफ देतं की गाइड विचारतात हे खरं आहे का. माझ्याकडे उत्तर नाही.

गाइडनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय.

कन्व्हर्जन्सचं आधी, ते सोपं आहे. एस आकाराच्या ग्राफमध्ये एका व्होल्टेजला पोलरायझेशनची तीन उत्तरं असतात, पण एका पोलरायझेशनला व्होल्टेज एकच. म्हणून व्होल्टेज देऊन चार्ज शोधू नका, चार्ज किंवा पोलरायझेशन हेच मुख्य चल ठेवा आणि त्यावरून व्होल्टेज काढा. पोलरायझेशनच्या वेळेनुसार बदलाची टर्म, म्हणजे तो रो असलेला भाग, डीसी ॲनालिसिसमध्ये नाहीशी होते आणि सॉल्व्हर तीन उत्तरांमध्ये उड्या मारत बसतो. त्यापेक्षा अगदी सावकाश चढणारा रॅम्प देऊन ट्रान्झिएंट चालवा, इंप्लिसिट पद्धत घ्या, उलटण्याच्या वेळी टाइम स्टेप बारीक होऊ द्या.

आता तो सुंदर ग्राफ. न्यूटनची पद्धत फक्त ऊर्जेचा उतार शून्य आहे अशी जागा शोधते, ती जागा खड्ड्याचा तळ आहे की उंचवट्याचा माथा याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. त्यामुळे डीसीमध्ये आलेला एस हा निसर्गात कधीच न टिकणारा माथा असू शकतो. तपासायला दोन रस्ते : एकूण ऊर्जेच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं मॅट्रिक्स काढून त्याची सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू धन आहे का बघायचं, किंवा त्या उत्तरात किंचित नॉइज मिसळून वेळेत पुढे सोडून द्यायचं आणि ते तिथेच परत येतं का पाहायचं. दुसरा रस्ता मला जास्त आवडतो कारण त्यात फसवणूक लपत नाही.

पण खरी गोम याच्याही खाली आहे. तुमच्या मॉडेलमध्ये सगळ्या थरासाठी पोलरायझेशनचा एकच आकडा आहे. म्हणजे डोमेन होऊच शकत नाहीत, कारण ते मांडायला जागाच ठेवलेली नाही, आणि मग नॉइज घालूनही उत्तर स्थिरच दिसणार. खऱ्या थराला ही बंदी कोण घालतं? फेरोइलेक्ट्रिकला शून्य पोलरायझेशनवर राहायचंय म्हटलं तर त्याला एक सोपी पळवाट असते, अर्धा भाग वर अर्धा भाग खाली करायचा, सरासरी शून्य, आणि प्रत्येक भाग आपापल्या खड्ड्यात आरामात. डीपोलरायझेशन फील्डपासून (पोलरायझेशनमुळेच तयार होऊन त्यालाच विरोध करणाऱ्या फील्डपासून) सुटका करून घ्यायची हीच त्याची नेहमीची रीत आहे. गेटमध्ये फेरोइलेक्ट्रिक आणि ऑक्साइडच्या मधे धातूचा थर घातलेला असेल तर हे आणखी सोपं होतं, कारण धातू दोन्ही दिशांच्या डोमेनचे चार्ज झाकून टाकतो, शिवाय लीकेज असलं की त्या मधल्या नोडचा चार्ज हळूहळू बदलतो आणि स्थिर केलेली अवस्था निसटते. गंमत म्हणजे सर्किट सिम्युलेटरमध्ये सगळ्यात सोपं मॉडेल याच रचनेचं होतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात नाजूक रचना तीच आहे.

म्हणून पुढची पायरी फेज-फील्ड. तिथे पोलरायझेशन जागेनुसार बदलू शकतं, शेजारच्या दोन बिंदूंत फरक पडला की ग्रेडियंट टर्म त्याची किंमत लावते, आणि प्रत्येक टाइम स्टेपला पॉयसन समीकरण सोडवून फील्ड नव्याने काढलं जातं. यात ज्या गोष्टींवर उत्तर उलटंपालटं होतं त्या लक्षात ठेवा. ग्रेडियंटचा सहगुणक मोठा धरला की डोमेन परवडत नाहीत आणि थर एकसंध राहतो, म्हणजे निगेटिव्ह कपॅसिटन्स हवा तसा येतो, लहान धरला की डोमेन फुटतात, आणि हा सहगुणक प्रयोगातून थेट मोजणं अवघड असल्यामुळे तो एकच आकडा न घेता एक पट्टा घेऊन चालवावा. मेश, म्हणजे गणितासाठी थराचे पाडलेले चौकोन : लेड टायटनेटसारख्या पेरोव्हस्काइटमध्ये डोमेनची भिंत फार पातळ असते, एकदोन युनिट सेल, म्हणजे साधारण ०.४ ते ०.८ नॅनोमीटर, त्यामुळे १ नॅनोमीटरच्या मेशवर भिंती मेशला चिकटून बसतात आणि आपल्याला वाटतं मटेरिअलमध्ये पिनिंग आहे. पॉयसनमध्ये बॅकग्राउंड परमिटिव्हिटी (मटेरिअलच्या साध्या डायलेक्ट्रिक भागाची) वेगळी द्यावी लागते, पण लँडाऊच्या सहगुणकांमध्ये तो वाटा आधीच मोजलेला असेल तर तो दोनदा धरला जातो. सब्सट्रेटच्या ताणाने ॲल्फा स्वतःच सरकतो. आणि सुरुवात कधीही सगळीकडे शून्य पोलरायझेशनने करू नका, संगणकाला तिथून हलायला कारणच मिळत नाही, थोडा रँडम नॉइज घालाच, वेगवेगळ्या सीडने चालवा.

हे सगळं केल्यावरही थराचा एकूण प्रतिसाद उणा येऊ शकतो बरं का. डोमेन असले म्हणजे खेळ संपला असं नाही. फील्ड लावल्यावर भिंती सरकतात, सोयीचे डोमेन रुंदावतात, आणि हे सरकणं इतकं सहज असू शकतं की फेरोइलेक्ट्रिकच्या थरात सरासरी फील्ड उलट्या दिशेने वाढतं. पण तो निगेटिव्ह कपॅसिटन्स भिंतींमधून आलेला असतो, एका आकड्याच्या एस ग्राफमधून नाही, आणि त्याची किंमत डोमेनची रुंदी, थराची जाडी, शेजारच्या डायलेक्ट्रिकची जाडी या सगळ्यांवर ठरते. गाइडना सांगा की एस ग्राफ समीकरणाच्या दृष्टीने खरा आहे, थराच्या दृष्टीने अजून ठरायचंय.

प्रश्न : डीएफटीने (डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे क्वांटम गणिताने) थेट अणूंपासून सुरुवात केली तर ही सगळी शंका मिटणार नाही का?

काही भाग मिटतो. डीएफटीमधून दोन खड्ड्यांमधला अडथळा, ताणाचा परिणाम, भिंतीची ऊर्जा हे चांगलं मिळतं आणि तेच आकडे वर फेज-फील्डमध्ये घालता येतात. पण ते शून्य केल्विनचं चित्र असतं, अणू फार तर काही शेकडा, आणि डोमेनची नक्षी त्यात मावत नाही. मधली पायरी म्हणजे डीएफटीवरून बसवलेले प्रभावी मॉडेल, ज्यात हजारो अणू घेऊन तापमानही घालता येतं. लेड टायटनेट आणि स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या थरांवर अशा मॉडेलनी फार उपयोगाचं काम झालंय.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये फेरोइलेक्ट्रिक कपॅसिटरला सिरीज रेझिस्टर लावून पल्स दिला, मधे काही काळ कपॅसिटरवरचा व्होल्टेज खाली येतो आणि चार्ज मात्र वाढत राहतो. लँडाऊ मॉडेल त्यावर छान बसलं. हा पुरावा धरायचा का?

निरीक्षण भारी आहे, २०१५ मध्ये पीझेडटीच्या (लेड झिर्कोनेट टायटनेटच्या) फिल्मवर नेमकं हेच दाखवलं गेलं आणि त्यावरून खूप चर्चा झाली. पण पुरावा लगेच धरू नका.

बघा, प्लेटवर येणारा चार्ज रेझिस्टरमधून येतो, त्याच्या वेगाला मर्यादा आहे. पोलरायझेशन उलटायला लागलं आणि त्याचा वेग येणाऱ्या चार्जपेक्षा जास्त झाला, की कमी पडलेला चार्ज फेरोइलेक्ट्रिकच्या साध्या डायलेक्ट्रिक भागातून भरून काढला जातो, म्हणून व्होल्टेज खाली येतो. यासाठी उंचवट्याच्या माथ्यावरून जाण्याची गरज नाही, डोमेन जन्मणं आणि पसरणं एवढं पुरतं. तुमच्याच डेटावर न्यूक्लिएशनचं, म्हणजे डोमेन जन्मण्याचं, मॉडेल, ज्यात कुठेही उणा ॲल्फा नाही, बसवून बघा, तेही बसेल बहुधा. एकाच रेझिस्टरच्या एकाच पल्सवर दोन मॉडेल सारखीच बसली तर त्या मोजमापाने दोघांत निवड होत नाही. रेझिस्टर बदलून, पल्सची उंची बदलून, तापमान बदलून मोजा आणि सहगुणक न बदलता कोणतं मॉडेल सगळ्या डेटावर टिकतं ते बघा. लँडाऊमध्ये प्रत्येक वेळी रो नव्याने बसवावा लागत असेल तर तीच तुमची खूण आहे.

मग भक्कम काम कोणतं, तर माझ्या मते तीन. २०१६ मध्ये लेड टायटनेट-स्ट्रॉन्शियम टायटनेट सुपरलॅटिसमध्ये (आलटूनपालटून रचलेल्या पातळ थरांमध्ये) तापमान बदलत कपॅसिटन्स मोजून फेरोइलेक्ट्रिक थराचा वाटा उणा येतो हे दाखवलं, २०१९ मध्ये त्याच जातीच्या सुपरलॅटिसमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने आत नेमकी कुठली जागा उणी आहे ते शोधलं, आणि त्याच वर्षी हाफ्नियम झिर्कोनियम ऑक्साइड आणि टँटलम ऑक्साइडच्या जोडीवर अगदी थोड्या वेळाचे पल्स देऊन तो एस आकाराचा भाग मोजून काढला. पहिल्या दोन्हींत प्रयोग आणि सिम्युलेशन हातात हात घालून चाललेत. या पेपरमधली मॉडेलची गृहीतकं नीट वाचा, नुसते ग्राफ नको.

प्रश्न : फुकट सॉफ्टवेअर कोणतं वापरू? आणि हे सगळं खऱ्या चिपमध्ये येणार आहे की पेपरमध्येच राहणार?

शिकायला काहीच विकत घेऊ नका. पहिला प्रोग्रॅम पायथनमध्ये स्वतः लिहा, एका आकड्याचं लँडाऊ-खलात्निकोव्ह आणि सिरीज कपॅसिटर, पन्नास ओळींत होतं. मग द्विमितीत ग्रेडियंट आणि पॉयसन घाला, तेही लॅपटॉपवर चालतं. तिथून पुढे फेरोएक्स बघा, बर्कली लॅबमधून आलेलं ओपन सोर्स त्रिमितीय फेज-फील्ड, जीपीयूवर चालतं, आणि ते फेरोइलेक्ट्रिक, डायलेक्ट्रिक आणि सेमीकंडक्टर तिन्ही एकत्र सोडवतं म्हणून गेटच्या रचनेसाठी सोयीचं. फेरेट नावाचं मॉड्यूलही आहे, मूस या फायनाइट एलिमेंट चौकटीवरचं, ताण आणि इलास्टिक भाग महत्त्वाचा असेल तर ते घ्या.

चिपबद्दल. हाफ्नियम ऑक्साइड आधीपासूनच गेटमध्ये वापरलं जातं, आणि २०११ मध्ये सिलिकॉन मिसळलेल्या हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ फिल्ममध्ये फेरोइलेक्ट्रिसिटी छापून आल्यावर हा विषय कारखान्याच्या जवळ आला, त्याआधीची पेरोव्हस्काइट मटेरिअल सिलिकॉनच्या प्रोसेसमध्ये बसवणं कटकटीचं होतं. २०२२ मध्ये हाफ्नियम ऑक्साइड आणि झिर्कोनियम ऑक्साइडचे थर रचून फक्त २ नॅनोमीटर जाडीचा गेट दाखवला गेला, ज्याची सिलिकॉन डायऑक्साइडच्या हिशोबातली एकूण जाडी ६.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, आणि त्यासाठी खालचा ऑक्साइड कुरतडावा लागला नाही. यात स्लोप ६० च्या खाली नेण्याचा दावा मुख्य नाहीये, गेटची पकड वाढवणं हा आहे. मला हे वळण योग्य वाटतं, कारण वर एम.टेक. च्या प्रश्नात केलेलं गणितही तेच सांगतं, की पातळ थर, मोठा उणा आकडा, थोडीशी पण स्थिर वाढ, हिस्टेरेसिस नाही. एम.टेक. वाल्या वाचकाने ५ नॅनोमीटरच्या जागी २ नॅनोमीटर घालून, खालचा ऑक्साइड ०.८ नॅनोमीटर करून तोच हिशोब पुन्हा करावा, आणि यावेळी स्लोपऐवजी ट्रान्झिस्टर चालू असतानाचा एकूण गेट कपॅसिटन्स बघावा.